हसीना बसप्पा कोरे यांची ओळख

गेल्या पावसाळ्यात कोरेबाई गेल्या. लातूरला त्यांची शोकसभा झाली, तेव्हा मी मागच्या रांगेत बसलो होतो. आधी अण्णा बोलले. अण्णा म्हणजे आमच्याकडच्या एका शिवयात्रेच्या कमिटीचे जुने अध्यक्ष, किराण्याचे मोठे व्यापारी. आता काठीशिवाय उभं राहता येत नाही, पण आवाज तसाच खणखणीत. म्हणाले, "कोरेबाई म्हणजे आपल्या समाजाचा सूर. पिढ्यान्‌पिढ्या शिवभजनात रंगलेलं त्यांचं घराणं." नंतर नांदेडहून आलेले एक गृहस्थ उठले. ते तिकडच्या उरुसाच्या कार्यक्रमाची व्यवस्था पाहत. त्यांनी सांगितलं, "हसीना बेगम साहेबांचं खानदान हैदराबादच्या कव्वालांचं. आजोबा दरबारात गात."

दोन्ही भाषणांना टाळ्या पडल्या. एका बाईला ही दोन घराणी कशी असतील, असा प्रश्न कुणालाच पडला नाही. मला पडायचं कारण नव्हतं, कारण दोन्ही वाक्यं माझीच होती. स्टेजवरून ती मी वर्षानुवर्षं म्हटली होती. अण्णांनी तर 'रंगलेलं' या शब्दाआधी मी घेत असे तो विरामसुद्धा घेतला. अध्यक्षांनी मला बोलायला बोलावलं. घसा बसलाय, असं खुणेने सांगून मी बसून राहिलो.

जे तिथे बोललो नाही ते इथे लिहितो.

बाईंचं पूर्ण नाव हसीना बसप्पा कोरे. यात खोटं काही नाही आणि गाळण्यासारखंही काही नाही. वडील बसप्पा कोरे हे देगलूरच्या लिंगायत कापड दुकानदाराचे धाकटे चिरंजीव. त्यांची आई कर्नाटकातून लग्न होऊन आलेली, शेवटपर्यंत कानडीत बोलली. बाईंची आई रझियाबी ही औशाच्या मनियाराची मुलगी. मनियार म्हणजे बांगड्या भरणारे. रझियाबीची आई मूळची तेलंगणातल्या विणकर साळ्याची पोर, घरात तेलुगू बोलायची. ती साळ्याच्या घरातून मनियाराच्या घरात कशी आली, असं मी एकदा विचारलं होतं. बाई म्हणाल्या, "आली. चालत आली असंल. तुमाला काय करायचं?"

रझियाबीचे वडील बांगड्यांच्या पेट्या घेऊन बाजार करत देगलूरपर्यंत जात आणि बाजाराच्या दिवशी कोऱ्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसत. एका वर्षी मुलीला सोबत नेलं. बसप्पांनी ओटा झाडायचं काम त्या दिवसापासून गड्याकडून काढून स्वतःकडे घेतलं, असं बाई हसत हसत सांगायच्या. लग्नानंतर दोघांनाही आपापल्या घरचं दार बंद झालं. मग औशाच्या पुढे एका खेड्यात बसप्पांनी लहानसं कापडाचं दुकान टाकलं. गळ्यातलं लिंग त्यांनी कधी काढलं नाही, रझियाबीने नमाज कधी सोडला नाही. बसप्पा वारले तेव्हा गावातल्या लिंगायतांनी त्यांना रीतीप्रमाणे बसवून माती दिली. बाई त्यावरून म्हणायच्या, "आमच्या घरात जाळायचं कुणालाच न्हाई. अप्पा बसले, अम्मा निजंल. मला तेवढं उभं गाडा, माईकसमोर."

गाणं त्या कुणाकडे शिकल्या नाहीत. अम्मा लग्नघरी चुडा भरताना गायची, अप्पा आपल्या आईची जात्यावरची कानडी पदं गुणगुणायचे. गावातलं भजन भिंतीपलीकडून ऐकू यायचं. घराणं म्हणायचं तर हेच.

बाई उंच होत्या, चालताना हात जोरात हलवायच्या. बांगड्या कोपरापर्यंत. गायला बसण्याआधी उजव्या हातातल्या सगळ्या काढून तबलजी मारोतीच्या टोपीत ठेवायच्या, कारण त्यांचा आवाज माईकमध्ये जायचा. मारोती कुरकुरायचा, "बाई, एखाद्या दिवशी गावातल्या बाया मलाच हात पुढं करतील." बाई म्हणायच्या, "भर की मग. तबल्यापेक्षा बरं जमंल तुला."

कुठल्याही गावात गाडी थांबली की पहिलं पाणी मागायच्या. तहान असो नसो. घोटभर तोंडात घोळवायच्या आणि निकाल द्यायच्या. "पाणी जड हाय. हितं लोक टाळी देणार न्हाईत, नुस्ती मान हलवतील." किंवा, "गोड हाय. आज वन्समोअर." पुष्कळदा निकाल चुकायचा. चुकला की म्हणायच्या, टँकरचं पाणी असणार.

रागावल्या की तेलुगू, लाड करताना दखनी, देवाचं नाव घेताना कानडी. मराठी गाण्यासाठी आणि माझ्याशी भांडण्यासाठी. स्पीकरवाल्याने इको वाढवला की गाणं थांबवून म्हणायच्या, "कमी कर बाबा. मलाच माझा जबाब येऊन राहिला."

मी लातूरला शाळेत शिक्षक होतो. बोलणं बरं, म्हणून गणपतीत, यात्रेत निवेदन करायला बोलवत. बाईंचं गाणं मी पहिल्यांदा औशाला ऐकलं आणि त्यांच्या कार्यक्रमांचं निवेदन माझ्याकडे आलं. आपल्याकडे गाणाऱ्याला लोक लगेच ऐकत नाहीत. आधी तो कुणाचा, कुठला, हे ऐकतात. ते सांगणं निवेदकाचं काम. अण्णांच्या यात्रेत पहिल्यांदा स्टेजवर चढलो तेव्हा समोर बसलेल्यांकडे पाहून माझ्या तोंडून 'हसीना' आलंच नाही. 'आपल्या कोरेबाई' आलं, आणि पाठोपाठ शिवभजनाचं घराणं. कार्यक्रम रंगला. पुढच्या वर्षाची सुपारी तिथेच मिळाली. मग उरुसात 'हसीना बेगम' म्हणालो आणि कोरे गाळलं. त्या जागी हैदराबादचा आजोबा घातला. नंतर गावाची नुसती कमान पाहून मला कळू लागलं की आज कुठलं नाव घ्यायचं.

कॅसेटही दोन निघाल्या. भक्तिगीतांच्या कॅसेटवर कोरेबाई, पदर डोक्यावर. गझल-कव्वालीच्या कॅसेटवर हसीना बेगम, फोटो नाही. एकदा भोकरला एका हॉटेलात आम्ही चहाला थांबलो. टेपवर बाईंचीच कव्वाली लागली होती आणि शेजारच्या बाकावर दोघे वाद घालत होते.

"आवाज म्हणावा तर ह्या हसीनाचा. ती तुमची कोरेबाई काय, नाकात गाती."

"नाकात? अरे, कोरेबाईच्या पायापाशी बसायची लायकी न्हाई हिची."

मारोतीने तोंडावर टोपी घेतली. बाई गंभीरपणे ऐकत राहिल्या. मग हॉटेलवाल्याला म्हणाल्या, "त्या दोघांला माझ्याकडून चहा द्या." एकाने चकित होऊन विचारलं, "बाई, तुमी कुणाकडून?" बाई म्हणाल्या, "मी? मी त्या नाकात गाणारीकडून."

गाडीत बसल्यावर सगळे हसलो. बाई आधी हसल्या आणि आधी थांबल्या. भोकर मागे पडल्यावर मला म्हणाल्या, "गुरुजी, एकदा माझं पूर्ण नाव घ्या की स्टेजवरून."

"घेऊ की. जरा लोकांना तयार होऊ द्या."

"लोक तयार हायत. लोकांला गाणं पायजे. तुमी तयार न्हाईत."

"बाई, सुपाऱ्या जातील. ही साथीची पोरं तुमच्यावर जगतात."

"तुमी शाळेत हजेरी घेता, तवा पोराचं अर्धं नाव घेता का? आईला वाटतंय वो. ती कॅसेट हातात घेऊन विचारती, इसमें मेरा कौनसा है, तेरे अप्पा का कौनसा है. मी काय सांगू?"

मी म्हणालो, "पुढच्या हंगामात." असं मी दर हंगामात म्हणालो. बाईंनी स्वतः कधी घराणं सांगितलं नाही. कुणी स्टेजखाली विचारलं तर सरळ सांगायच्या, बाप अमका, आई अमकी. पण स्टेजखाली ऐकणारे थोडे, आणि माझा आवाज कर्ण्यातून जात होता.

मग किल्लारीचा भूकंप झाला.

विसर्जनाला बाई नांदेडला गायला गेल्या होत्या. माझ्या शाळेचा गणपती होता, म्हणून मी लातुरातच राहिलो. पहाटे घर हललं. उजाडल्यावर बातम्या येऊ लागल्या तेव्हा आम्ही शिक्षक, आणि अण्णा आपल्या दुकानाची माणसं घेऊन, असे एका ट्रकमधून निघालो. बाईंचं गाव वाटेतच होतं. गाव म्हणायला उरलं नव्हतं. दगडमातीची घरं, जाड भिंती, सगळं खाली. जे वाचले होते त्यांना दवाखान्यात नेलं होतं. बाहेरून आलेली माणसं दगड उचलत होती.

अम्माला काढलं तेव्हा मी तिथे होतो. अंगावर धूळ होती, चेहरा शाबूत होता. मी ओळखलं. त्यांच्या हातचं मी जेवलो होतो.

तोंडाला रुमाल बांधलेला एक स्वयंसेवक ओरडत फिरत होता. "यात कुणी मुसलमान असंल तर सांगा! औशाहून माणसं आलीत. पलीकडं कबरी खणून राहिलीत." पलीकडच्या शेतात माणसं खणताना दिसतही होती. अलीकडे लाकडं रचली होती आणि एकेका चितेवर बरेच जण ठेवावे लागत होते.

अण्णांनी मला विचारलं, "गुरुजी, ह्या कोण? वळखीच्या दिसतात तुमच्या."

मी म्हणालो, "आपल्या कोरेबाईंच्या आई."

अण्णांनी टोपी काढली. रडले. "म्हंजे आपल्याच की वो. आपल्यात पुरतात. पण आज कोन कुणाला बसवणार? देव बघून घेईल." असं म्हणून त्यांनी स्वतः एका बाजूने उचललं. दुसऱ्या बाजूने मी.

त्या वेळी पाऊस सुरू झाला होता, वास होता, गोंधळ होता, कुणाचं भान कुणाला नव्हतं, असं मी नंतर स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. ते सगळं होतं. पण मला भान होतं. मी एक शब्द बोललो असतो तर अम्मा पलीकडे गेल्या असत्या. मात्र अण्णांना कळलं असतं, की मी त्यांच्या यात्रेत उभा राहून त्यांना वर्षानुवर्षं काय सांगत आलो. मी अण्णांकडे पाहिलं आणि तो शब्द गिळला. अण्णांचा यात दोष नाही. त्यांनी आपलं माणूस समजून खांदा दिला.

बाई संध्याकाळी पोचल्या. रस्ते गाड्यांनी भरले होते, शेवटचा टप्पा त्या आणि मारोती चालत आले. मला पाहिल्यावर विचारलं, "अम्मा?"

मी मान हलवली.

"कुठंय?"

मी त्यांना चितेपाशी नेलं. पावसाने धूर खाली बसला होता. बाई पाहत राहिल्या. मग त्यांनी पलीकडच्या शेताकडे पाहिलं. तिथे ताज्या मातीचे उंचवटे दिसत होते.

"तिकडं काय हाय?"

"तिकडे... मुसलमान होते त्यांना."

"तुमी हितंच व्हता, गुरुजी?"

"होतो."

"अम्माला काढलं तवा व्हता?"

"होतो."

बाई वळल्या. पलीकडे चालत गेल्या. मी मागोमाग गेलो, का गेलो माहीत नाही. कबरी खणणाऱ्यांत त्यांचा मामेभाऊ होता, औशाचा. हात मातीने भरलेले. धावत आला. "आपा, फुफ्फी का कुछ पता चला? सुबह से सबको पूछ रऊँ मैं."

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "मिल गई रे. मिट्टी हो गई उनकी. तू फिकर मत कर."

तो रडत खाली बसला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मिट्टी म्हणजे दफन; मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं एकमेव खोटं ते. ते त्या त्याच्यासाठी बोलल्या की माझ्यासाठी, हे मला आजही ठरवता येत नाही. त्याच्या हातात तेव्हा फावडं होतं.

काही दिवसांनी त्यांनी निरोप धाडून मला बोलावलं. एवढंच म्हणाल्या, "गुरुजी, आता माझी वळख करून देऊ नका. मी आपली बसते आन् सुरू करते." नंतर त्या भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमधल्या वस्त्यांवर जाऊन गायल्या. कुणी बोलवायची वाट पाहिली नाही. मी एकदा कडेला उभा राहून ऐकलं. बाई आल्या, पाणी मागितलं, प्यायल्या, त्या पाण्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. पहिल्या गाण्याआधी एका म्हातारीने विचारलं, "तू कुणाची गं?" बाईंनी आईचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं. म्हातारी म्हणाली, "बस, गा." मी स्टेजवर जे करायला इतका घाबरत होतो ते एवढंच होतं.

पुढे सुपाऱ्या कमी झाल्या. डीजे आले. लातुरात क्लासेस वाढले, गल्लीगल्लीत फ्लेक्स लागले, पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो सिनेमाच्या पोस्टरएवढे झाले. भोकर, देगलूर, कुठून कुठून पोरी शिकायला येऊन खोल्या करून राहू लागल्या. बाईंनी क्लासच्या गल्लीत मुलींची मेस काढली. मारोती भाजी आणायचा. अधूनमधून मीही तिथे जेवायला जात असे. त्या वाढायच्या, तब्येत विचारायच्या, माझ्या सुनेची चौकशी करायच्या. त्या दिवसाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मला वाटायचं, काढतील तर बरं.

नवी मुलगी आली की तिला समोर उभी करायच्या. "नाव सांग. बापाचं सांग. आता आईचं." मुली आईचं नाव लाजत सांगत. त्यानंतर त्या मुलीला बाई आईच्या नावानेच हाक मारायच्या. "ए सुनंदाची, भाकरी घे अजून." "मंगलची कुठं हाय? आज जेवली न्हाई ती." मुलींना आधी मजा वाटायची. मग एखादी परीक्षेच्या आधी रडत बसली की बाई तिच्या पाठीवर हात ठेवून तेच नाव घ्यायच्या, आणि मुलगी शांत व्हायची. हे मी स्वतः पाहिलं आहे.

एका वर्षी एका मोठ्या क्लासने गुणवंतांचा सत्कार ठेवला. निवेदनाला मला बोलावलं. क्लासच्या सरांनी ठरवलं की मुलींना सांभाळणाऱ्या मेसवाल्या बाईंचाही सत्कार करायचा, आणि त्या गायच्या म्हणून एक गाणंही. बाईंना त्यांनी परस्पर कबूल करून घेतलं होतं. मी बाईंना विचारलं, "ओळख करून देऊ का?"

"तुमची मर्जी," त्या म्हणाल्या.

मी स्टेजवर उभा राहिलो आणि म्हणालो, "हसीना बसप्पा कोरे. आईचं नाव रझियाबी, औशाच्या मनियाराच्या घरातल्या. वडील बसप्पा, देगलूरच्या कोऱ्यांतले. यांच्या घराण्याबद्दल मी आजवर जे काही सांगत आलो, ते सगळं मी रचलेलं होतं." मंडपात हजारभर पोरं, त्यांचे आईबाप. मी काहीतरी होण्याची वाट पाहिली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, जशा आधीच्या सत्काराला वाजवल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या एका पालकाने घड्याळ पाहिलं. ज्यांच्यासमोर मी खोटं बोललो होतो, त्यांच्यातलं तिथे कुणीच नव्हतं. सांगून माझं काहीही जाणार नव्हतं.

बाई आल्या. घसा राहिला नव्हता. अम्मा चुडा भरताना म्हणायची ते गाणं त्यांनी दोन कडव्यांत संपवलं. सरांनी शाल घातली, नारळ दिला. त्या मंडपाच्या मागच्या पायऱ्यांवरून उतरल्या. मी धावत गाठलं.

"बाई, नाव बरोबर घेतलं ना?"

"बरोबर घेतलं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पण ऐकायला अम्मा कुठं व्हती?"

इतक्यात मेसमधली एक मुलगी पळत आली. गॅस संपला होता, भात अर्धाच शिजला होता. बाईंनी नारळ तिच्या हातात दिला. "धर. सकाळी चटणी करू. चल, चुलीवर टाकू बाकीचा." शाल काढून खांद्यावर टॉवेलसारखी टाकली आणि दोघी लगबगीने निघाल्या. आतून सर मला पुढचं नाव पुकारायला हाका मारत होते. त्या दोघी गल्लीच्या वळणाशी गेल्या. तिथे बाईंनी मुलीला काहीतरी विचारलं, मुलगी हसली, आणि बाईंनी पावलं आणखी भरभर उचलली. उपाशी पोरी वाट पाहत होत्या.